जाऊबाई उठून गेल्या, नवरा हसत राहिला: मग सिनेमा नक्की कसा होता?

पत्र: आम्ही घणसोलीला राहतो. गेल्या महिन्यात घरचे पाच जण वाशीला एक इंग्रजी भयपट बघायला गेलो. व्हायरसच्या साथीवरचा, दुसरा भाग. पहिला घरी टीव्हीवर सगळ्यांनी मिळून बघितला होता आणि आवडलाही होता. गेटवर माझ्या सोळा वर्षांच्या पुतण्याला अडवलं, त्याला रिक्षाने घरी पाठवावं लागलं. आत माझा नवरा आणि धाकटे दीर नको तिथे खो खो हसत होते. मोठ्या जाऊबाई मध्यंतरात बाहेर गेल्या त्या परत आल्याच नाहीत, सिनेमा संपेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून होत्या. मोठे दीर २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडने गेले. पुतण्या त्यांचाच मुलगा. घरी आल्यावर भांडण झालं. धाकटे दीर म्हणाले, 'फालतू सिनेमा, नेटवर लोकांनी उगाच डोक्यावर घेतलाय.' जाऊबाई काहीच बोलल्या नाहीत. आता पुढचा भाग येतोय आणि पुतण्या म्हणतो, मला बघायचाच आहे. नेटवर एक जण पाच तारे देतो, दुसरा म्हणतो पैसे वाया. कोणाचं खरं मानायचं? जाऊबाईंना न्यावं का? पुतण्याचं काय करावं? आणि त्याच्या तिकिटाचे पैसे परत मिळतात का?

उत्तर: आधी हसण्याबद्दल, कारण तुमच्या घरातलं भांडण तिथूनच पेटलेलं दिसतंय. भयपटात हसणं म्हणजे सिनेमा फसला असं नाही, आणि हसणारा निर्दय आहे असंही नाही. दचकल्यावर छाती धडधडते, श्वास अडकतो. धोका खोटा होता हे पुढच्या क्षणाला कळतं, पण शरीराचा चढलेला पारा तेवढ्या झटपट उतरत नाही. मग तो हसण्यातून बाहेर पडतो. डॉल्फ झिलमन या माध्यम-मानसशास्त्राच्या अभ्यासकाने भीतीची ही उरलेली उत्तेजना पुढच्या भावनेला कशी चढवते हे मांडलंय. त्याने आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली एक प्रयोगही केला होता. शेजारी बसलेली मुलगी घाबरलेली दिसली की तरुणांना भयपट जास्त आवडला, आणि शेजारचा मुलगा घाबरलेला दिसला की मुलींना कमी. म्हणजे 'मला काही वाटलं नाही' हे दाखवणं हासुद्धा त्या तिकिटाचाच भाग असतो. हे दिरांना वाचून दाखवायलाच हवं असं नाही.

तेव्हा दिरांचं हसणं आणि जाऊबाईंचं उठून जाणं यावरून सिनेमा चांगला की वाईट हे ठरत नाही. दोघांनी दोन वेगळे सिनेमे बघितले असं धरून चाला. नेटवरच्या प्रतिक्रियाही अशाच आहेत. प्रश्न तारे किती हा नाही. कोणी बघितला, काय अपेक्षा घेऊन आणि कुठे बसून, हे शोधायचं.

आता आकडे. परदेशी सिनेमाच्या बाबतीत लोक तीन आकडे एकमेकांच्या तोंडावर मारतात आणि तिन्हींचा अर्थ वेगळा आहे.

रॉटन टोमॅटोज या परीक्षणं एकत्र करणाऱ्या संकेतस्थळावरचे टक्के म्हणजे गुण नव्हेत. किती समीक्षकांना सिनेमा 'बरा किंवा त्याहून चांगला' वाटला त्याचं ते प्रमाण आहे. शंभरच्या शंभर जणांनी दहापैकी सहा दिले तरी शंभर टक्के झळकतात. प्रेक्षकांच्या टक्क्यांत उलटी गंमत आहे. तिथे पाचपैकी साडेतीन तारे दिले तरच मत 'आवडला' मध्ये धरलं जातं. तीन तारे देणारा आपल्या भाषेत 'ठीक होता, एकदा बघायला हरकत नाही' म्हणत असतो आणि त्याची गणती 'नाही आवडला' मध्ये होते. समीक्षकांचे टक्के वर आणि प्रेक्षकांचे खाली अशी दरी दिसली की लगेच 'समीक्षक विकले गेलेत' अशी ओरड होते. त्या दरीचा बराचसा भाग अशा 'ठीक होता' वाल्यांचा असू शकतो.

आयएमडीबी या सिनेमांच्या संकेतस्थळावर सरासरी बघूच नका, दहापैकी किती गुण किती जणांनी दिले त्याचा स्तंभालेख उघडा. बहुतेक मतं सहा ते आठच्या आसपास गोळा झाली असतील तर सिनेमा सरळ आहे, आवडेल किंवा थोडा कमी आवडेल. दहावर एक उंच खांब, एकवर दुसरा आणि मधे खड्डा असेल तर सिनेमात असं काहीतरी आहे ज्यावरून लोक भांडतायत, बहुधा शेवट. पहिल्या दोन दिवसांत तो आलेख कट्टर चाहते आणि कट्टर नाराज यांचाच असतो. सोमवारनंतर बघा.

तिसरा आकडा सिनेमास्कोरचा. १९७९ पासून अमेरिकेत पहिल्या रात्री थिएटरातून बाहेर पडणाऱ्यांकडून कार्ड भरून घेतात आणि 'ए प्लस' ते 'एफ' अशी श्रेणी देतात. इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: भयपटांना ही श्रेणी सहसा खालचीच मिळते. कौटुंबिक सिनेमाला 'बी' मिळाला तर निर्माता कपाळाला हात लावतो, भयपटाला 'बी' मिळाला तर पेढे वाटतो. लोकांना मनापासून घाबरवलं की ते घाबरलेल्या मनानेच कार्ड भरतात.

दुसऱ्या-तिसऱ्या भागांचं दुखणं आणखी वेगळं. लोक पहिला भाग मनात घेऊन येतात. कोरियाचा 'ट्रेन टू बुसान' (२०१६) धावत्या गाडीत कोंडलेल्या माणसांचा होता. त्याच दिग्दर्शकाच्या २०२० च्या 'पेनिन्सुला'त ना ती पात्रं, ना ती गाडी; होता तो उजाड शहरातला मोटारींचा पाठलाग. 'पहिल्यासारखा नाही' ही तक्रार खरीच होती, पण ती सिनेमा कसा आहे हे सांगत नाही, कसा नाही एवढंच सांगते. विषाणूच्या साथीवरच्या '२८ डेज लेटर' (२००२) आणि '२८ वीक्स लेटर' (२००७) नंतर अठरा वर्षांनी, २०२५ मध्ये, '२८ इयर्स लेटर' आला. ट्रेलरमध्ये किपलिंगच्या 'बूट्स' या कवितेचं शंभर वर्षांहून जुनं, अंगावर काटा आणणारं वाचन होतं, त्यामुळे लोक अखंड थरकापाच्या तयारीने आले. पडद्यावर मात्र बराच वेळ एक मुलगा आणि त्याची आजारी आई होती, आणि अगदी शेवटी सूर एकदम बदलला. एकाला ते ग्रेट वाटलं, दुसऱ्याला फसवणूक. दोघे ट्रेलरबद्दलच बोलत होते म्हणा ना. तेव्हा प्रतिक्रियेत 'ट्रेलर' हा शब्द दिसला की ती अर्ध्याच किमतीत घ्यायची.

कामाच्या प्रतिक्रिया मधल्या असतात. दहापैकी पाच ते सात देणाऱ्यांच्या दहा-बारा वाचा. त्यांना सिनेमा वाचवायचाही नसतो आणि बुडवायचाही नसतो, म्हणून ते काय घडतं ते सांगतात. 'स्लो आहे' म्हणजे काय ते शोधा: पहिली वीस मिनिटं संथ, की मध्यंतरानंतर संथ? 'डार्क' म्हणजे विषय गडद, की पडद्यावर काही दिसतच नाही? हे दुसरं खूपदा थिएटरच्या प्रोजेक्टरचं पाप असतं आणि शिव्या दिग्दर्शकाला बसतात. 'लॉजिक नाही' वाल्यांना सोडून द्या. चावल्यावर काही सेकंदांत माणूस पिसाळतो हे कुठल्याच खऱ्या विषाणूत होत नाही. रेबीजला साधारण दोन-तीन महिने लागतात, इबोलाला दोन ते एकवीस दिवस. खरं तर सेकंदांत लक्षणं दाखवणारा आजार विमानात चढूच शकणार नाही. जग गाठतो तो पाच दिवस गुपचूप राहणारा. पण दोन तासांच्या सिनेमाला पाच दिवस परवडत नाहीत.

मध्यंतराबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आपल्याकडच्या प्रतिक्रिया वाचताना हे कोणी मोजत नाही. हे सिनेमे मध्यंतर धरून लिहिलेले नसतात. आपल्या मल्टिप्लेक्समध्ये अंदाजे निम्म्यावर ते कापलं जातं, कधी अगदी श्वास रोखलेला असताना. दिवे लागतात, जाहिराती सुरू होतात, पॉपकॉर्नची रांग लागते. तासभर घट्ट केलेला ताण दहा मिनिटांत सैल होतो आणि उत्तरार्ध थंड्या प्रेक्षकांपुढे सुरू होतो. 'सेकंड हाफ पडला' हे वाक्य इथे जितकं सापडतं तितकं बाहेरच्या प्रतिक्रियांत सापडत नाही. आणि मध्यंतरानंतरचे पहिले हशे बहुतेक त्या सैल झालेल्या माणसांचेच असतात. हिंदी डबिंगचंही तसंच. कुजबूज आणि धाप यांवर उभा असलेला प्रसंग डबिंगमध्ये उघडा पडतो, म्हणून प्रतिक्रिया कुठल्या भाषेतल्या शोची आहे तेही बघा.

आता जाऊबाई. त्यांना प्रेतं किंवा रक्त बघून त्रास झाला असेल असं तुम्ही धरलंय का? तसंही असेल. पण साथीच्या सिनेमात मन दुखावणाऱ्या गोष्टी बहुतेकदा किरकोळ असतात: यंत्राची एका लयीतली बीप, मास्कच्या आतला श्वास, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला माणूस, काचेपलीकडून केलेला निरोप, मोठ्या हॉलमध्ये ओळीने लावलेल्या खाटा. वाशीत बसून हे शेवटचं दृश्य बघणं ही गंमत नाही. स्टेशनजवळच्या सिडको एक्झिबिशन सेंटरमध्ये २०२० साली कोविड केंद्र होतं, ठाण्यात बाळकुमच्या ग्लोबल हबमध्ये तेच. अमेरिकेतल्या प्रेक्षकाला जो सेट वाटतो तो इथल्या कितीतरी घरांना पत्ता वाटतो. सिनेमा तोच राहून प्रेक्षक कसा बदलतो याचं ठळक उदाहरण '२८ वीक्स लेटर'चंच आहे. त्यात लक्षणं नसलेली एक व्यक्ती विषाणू घेऊन येते. २००७ मध्ये ही कथेतली क्लृप्ती होती, २०२० नंतर तो सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा रोजचा विषय झाला. उलट २०११ चा साथीवरचाच 'कंटेजन' २०२० च्या सुरुवातीला लोकांनी मुद्दाम शोधून बघितला. कोणाला त्यातून धीर मिळाला, कोणाचा जीव वर आला.

त्यांना न्यायचं की नाही हे तुम्ही ठरवू नका, त्यांना विचारा. पण विचारण्याची रीत सांभाळा. 'सगळेच जातोय, तुम्ही एकट्या घरी काय करणार?' हा प्रश्न नसतो, ओढणं असतं. 'अहो, सिनेमाच तर आहे' हे तर कोणीच म्हणू नये. एकांतात सांगा: 'त्या दिवशी बाहेर बसलात ते बरं केलंत. पुढचा बघायचा की नाही ते तुमच्यावर, कोणी विचारणार नाही.' आणि मग खरोखरच कोणी विचारू नका.

त्यांनी 'नाही' म्हटलं तर विषय संपला. 'हो' म्हणाल्या तर आधी घरी काम करा. ब्रिटनच्या सेन्सॉर मंडळाच्या म्हणजे बीबीएफसीच्या संकेतस्थळावर प्रत्येक सिनेमात हिंसा, जखमा, मृत्यू, आत्महत्या यांतलं काय आणि कितपत आहे याचा छोटा परिच्छेद असतो. 'डझ द डॉग डाय' या साइटवर प्रेक्षक प्रसंगनिहाय नोंदी करतात: दवाखान्यातलं दृश्य आहे का, आईवडील दगावतात का, कोणी गुदमरतं का. 'व्हेअर्स द जंप' वर दचकवणारे प्रसंग मिनिट-सेकंदासह मिळतात, मात्र नव्या सिनेमाच्या नोंदी जमायला थोडे दिवस लागतात. हे वाचणारी व्यक्ती जाऊबाई नव्हेत, तुम्ही. त्यांना नेमकी मिनिटं सांगायची की नाही हे त्यांनाच विचारा. काहींना कळलं की बरं वाटतं, काही तो क्षण येईपर्यंत घड्याळाकडे बघत घामाघूम होतात.

थिएटरात मग दुपारचा शो, शनिवार-रविवार सोडून. गर्दी कमी, आरडाओरडा कमी, आणि बाहेर पडल्यावर उजेड. रात्री उशिराचा शो संपेपर्यंत ट्रान्स-हार्बर लोकलच्या शेवटच्या गाड्या गाठण्याची धावपळ सुरू होते, आधीच धडधडणाऱ्या माणसाला ती कशाला? खुर्ची मागच्या ओळींतली, दाराच्या बाजूच्या टोकाची. पुढच्या ओळीत पडदा डोळ्यांत मावत नाही, हलत्या कॅमेऱ्याने मळमळतं. आवाजाचं गणित असं: थिएटरची प्रमाण पातळी एका मुख्य स्पीकरमागे ८५ डेसिबल धरतात आणि दणका १०५ पर्यंत जाऊ शकतो. बरीच थिएटरं आवाज यापेक्षा खाली ठेवतात, तरीही फोमचे इअरप्लग पर्समध्ये असू द्या, मेडिकलमध्ये मिळतात. चिमटीत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर-मागे ओढायचा, आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. नुसता टेकवला तर काही उपयोग नाही, कापसाचा तर नाहीच. छातीत घुमणारा खर्ज मात्र प्लगने थांबत नाही.

दचकवणारा प्रसंग ओळखायची एक खूण आहे आणि ती बऱ्याचदा चालते. पार्श्वसंगीत एकाएकी बंद होतं, पात्राचा चेहरा पडद्याच्या एका बाजूला सरकतो आणि दुसरी बाजू विनाकारण रिकामी राहते. तिथे डोळ्यांआधी कान झाका. दचकवतो तो आवाज, चित्र नव्हे. घरात कोणाला फिट्स येत असतील तर लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या दृश्यात डोळे मिटून भागत नाही, प्रकाश पापण्यांतून जातो. एक डोळा तळहाताने पूर्ण झाकायचा आणि मान वळवायची.

जाऊबाई उठल्या तर त्यांच्यासोबत कोण उठणार हे घरातून निघतानाच ठरवा. ते काम पुतण्याचं नाही. आई आणि सिनेमा यांत निवड करायची वेळ त्याच्यावर आणू नका.

सिनेमानंतर दोन-चार रात्री वाईट स्वप्नं पडणं, दिवा लावून झोपावंसं वाटणं यात काही वावगं नाही. महिना उलटूनही तीच दृश्यं, झोप उडालेली, दवाखान्यासमोरून जाणंसुद्धा टाळणं असं चालू राहिलं तर त्याचा सिनेमाशी संबंध फक्त निमित्तापुरता असतो, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. सुरुवातीला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे: मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

पुतण्याची ओढ तुम्हाला विचित्र वाटत असेल. वडील साथीत गेले आणि मुलाला साथीचेच सिनेमे हवेत! यात विचित्र काही नाही. इथे भीतीला सुरुवात आणि शेवट आहे, थांबवायचं बटण आहे. २०२१ मध्ये यातलं काहीच नव्हतं. कोल्टन स्क्रिव्हनर या भयपटांच्या अभ्यासकाने आणि सहकाऱ्यांनी साथीच्या काळात केलेल्या पाहणीत भयपटांच्या चाहत्यांनी मानसिक त्रास कमी नोंदवला, आणि झॉम्बी-प्रलय छापाचे सिनेमे आवडणारे त्या दिवसांसाठी जास्त तयार दिसले. अर्थात सिनेमांमुळे ते तसे झाले, की मुळात तसेच होते म्हणून असे सिनेमे बघतात, हे त्यातून सिद्ध होत नाही. म्हणून 'बघ, बरा होशील' असं औषध देऊ नका आणि 'असलं काय बघतोस' म्हणून तोंडही फिरवू नका. बघून झाल्यावर त्याच्याजवळ बसा. बोलला तर ऐका.

गेटवर मात्र रखवालदाराचं चुकलं नाही. 'ए' प्रमाणपत्र म्हणजे अठरा पूर्ण नसलेल्याला प्रवेश नाही, आईवडील सोबत असले तरी नाही. 'यूए' वेगळं. २०२४ च्या नव्या नियमांपासून त्याचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन टप्पे आहेत आणि ते पालकांना मार्गदर्शन म्हणून आहेत, त्यावरून गेटवर अडवणं अपेक्षित नाही. पुढच्या भागाला 'यूए १६+' मिळालं तर तो खुशाल जाऊ शकतो. अशा वेळी आणखी एक तपासा: तिकिटाच्या अॅपवरची लांबी आणि बाहेरच्या देशांतली लांबी. आपल्याकडची बरीच कमी असेल तर खालच्या प्रमाणपत्रासाठी कात्री चालली असण्याची शक्यता आहे, आणि मग 'काही भीतीच वाटली नाही' अशा इथल्या प्रतिक्रियांचा उलगडाही होतो. 'ए' मिळालं तर जन्मतारीख खोटी दाखवायची खटपट नको. घरी ओटीटीवर आल्यावर आईच्या संमतीने आणि मोठ्या माणसासोबत बघू द्यायचा की नाही हा घरचा निर्णय. तिथे १३+ आणि वरच्या मजकुराला पालकांचं कुलूप लावायची सोय कायद्यानेच द्यावी लागते, ते पिनने लावून ठेवा. आणि तो बघत असेल तेव्हा आवाज बाहेर येणार नाही असे हेडफोन त्याला द्या. दुसऱ्या खोलीत जाऊबाई आहेत.

तिकिटाचे पैसे: बहुधा नाही मिळणार. 'ए' असल्याची सूचना बुकिंग करताना स्क्रीनवर येते आणि 'मान्य' दाबल्याशिवाय आपण पुढे जात नाही, म्हणून गेटवर वयामुळे अडवलं तर परतावा सहसा नाकारतात. काही थिएटरांत तिकीट रद्द करता येतं, पण शो सुरू होण्याआधी ठरावीक वेळेपर्यंतच आणि सुविधा शुल्क कापून. पुढच्या वेळी आधी प्रमाणपत्र बघा, मग खुर्च्या निवडा, आणि जाऊबाईंचं नक्की नसेल तर त्यांचं आणि सोबत उठणाऱ्याचं तिकीट वेगळ्या बुकिंगमध्ये काढा. एकाच बुकिंगमधली अर्धी तिकिटं रद्द करायला बऱ्याच ठिकाणी देत नाहीत.